सहा डोंगर

जंगलाच्या नाक्यावरचा वनरक्षक रोज सकाळी नऊला पायरीवर उभा राहून डोंगर मोजायचा आणि आकडा वहीत लिहायचा. हवा स्वच्छ असली की एकामागे एक सहा दिसत, धुरकट असली की चार. वीस वर्षं हेच. बायको म्हणायची, "मोजा, मोजा! नाहीतर एखादा पळून जायचा."

खालच्या खोऱ्यात सिमेंटचा कारखाना परवाना मागत होता. जंगलाची हवा मुळातच धुरकट आहे, आमच्या चिमणीने काय बिघडणार, असं त्यांचं म्हणणं. परवाना खात्याच्या बाईंनी वनरक्षकाच्या वह्या मागवल्या; बहुतेक पानांवर सहाच होते. सुनावणीत कंपनीच्या वकिलाने नेमकं बोट ठेवलं, "इथे वीस दिवस अक्षर वेगळं आहे."

वनरक्षक उठून उभा राहिला. "मला टायफॉइड झाला होता, साहेब. ते बायकोने लिहिलंय."

बाई हसल्या. "म्हणजे मोजणारं माणूस बदललं, तरी डोंगर सहाच भरले. याहून पक्का पुरावा कुठला?" धूर गाळायची यंत्रणा बसवल्याशिवाय परवाना नाही, असं ठरलं.

घरी येताना त्याला एकच गोष्ट खात होती. आजारी नवऱ्याची उस्तवार करून हिने एकही दिवस चुकवला नव्हता, आणि आपण 'कसं जमवलंस' एवढं साधं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला तो म्हणाला, "आज तू मोज. चहा मी टाकतो."

"सहा!" पायरीवरून आवाज आला.

त्याने बाहेर डोकावूनही न बघता सहा लिहिले, आणि पुढे तिचं नाव घातलं.