गोलात उभं राहायची बारी

१९९६ साल. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो, आणि माझ्या मेव्हण्याएवढा न्यायी माणूस अख्ख्या नवी मुंबईत दुसरा नव्हता. त्याच्याएवढा डोक्याला ताप देणाराही नव्हता. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला तरुणपणी वाटायचं. त्याच्याबरोबर तीस वर्षं गोण्या उचलल्यावर कळलं, की एकच आहे. मी चौथी शिकलेलो. नीट सांगायचं तर चौथीची परीक्षा दिली आणि निकाल आणायला गेलो नाही, त्यामुळं मी नापास आहे असं आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. तेव्हा लिहिण्यात काही इकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्या. पण मेव्हण्याबद्दल जे लिहितोय त्यातलं एक अक्षर मी मागं घेणार नाही.

मेव्हणा म्हणजे बायकोचा भाऊ, माझ्याहून वर्षानं धाकटा. आम्ही दोघंही साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एकाच टोळीत माथाडी, आणि तो त्या टोळीचा मुकादम. टोळीचा एक नियम असतो. गोणी पाठीवरून नेणं एकवेळ सोपं, पण थप्पीवर उभं राहून खालून येणारी प्रत्येक गोणी ओढायची आणि रचायची, हे हाडं मोडणारं काम. म्हणून वर जायची बारी लावतात. आज तू, उद्या मी. हा नियम सगळ्याच टोळ्यांत असतो, पण बाकीचे मुकादम तो मार्केटच्या गेटवर ठेवून घरी जातात. आमचा मेव्हणा तो बरोबर घेऊन हिंडायचा. शिरवण्यात त्याची दीड खोली होती, तिथं खिडकीखाली कुणी झोपायचं याची तीन पोरांत बारी होती. देव्हाऱ्यात दर सोमवारी देवांच्या जागा बदलायच्या. माझ्या बायकोनं एकदा विचारलं, "दादा, असं काय करतोस रे?" तर म्हणाला, "खंडोबा किती दिस पुढं बसंल? देवीनं मागं बसायला काय पाप केलंय?" गावाला जाताना यष्टीत खिडकीजवळचा माणूस त्याला बघवायचा नाही. घाट लागला की हा उठायचा आणि अनोळखी माणसाला सांगायचा, "उठा पाव्हणं, तुमी लई वारा खाल्लात, आता ह्या आजींची बारी." एकदा एका पाव्हण्यानं ह्याची गचांडी धरली. पण सातारा येईपर्यंत अख्खी यष्टी आपापल्या बारीनं खिडकीत बसत होती, आणि गचांडी धरणारा पाव्हणाच पुढं होऊन नंबर लावत होता.

त्या वर्षी हिवाळ्यात मुलींच्या फुटबॉलची लीग निघाली. आठ संघ, दर रविवारी एक सामना, आणि हंगामाच्या शेवटी चांगल्या मुली हेरून राज्याच्या संघाच्या शिबिराला न्यायच्या, तिथून पुढं राष्ट्रीय स्पर्धा. माझी धाकटी कल्पना तेव्हा अकरावीत होती. तिच्या शाळेच्या खेळाच्या बाईंनी संघाचं नाव घातलं आणि त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. आता प्रत्येक सामन्याला कुणीतरी मोठ्या माणसानं व्यवस्थापक म्हणून सही करायला पाहिजे, नाहीतर संघ बाद. कल्पनानं मला विचारलं. मी म्हणालो, मला वेळ नाही. खरं कारण ते नव्हतं. पोरीला हाफपँटीत मैदानावर धावताना चार लोकांनी बघायचं, आणि त्यांच्यात मी उभा, ह्याची मला लाज वाटत होती. मेव्हणा तिथंच चहा पीत होता. 'व्यवस्थापक' हा शब्द त्यानं दोनदा पुटपुटला, त्याला तो आवडला असावा. "आन हिकडं," म्हणाला, "मी करतो सही."

फुटबॉल त्यानं जन्मात पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी कल्पनानं त्याला काठीनं मातीत मैदान काढून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सोपं हाय. दोन थप्प्या. एक आपली, एक त्यांची. आपला माल त्यांच्या थप्पीत टाकायचा. अकरा जणी म्हंजे टोळीच की!" मग त्यानं विचारलं, की सगळ्यात हाडं मोडणारं काम कुठलं? पोरी म्हणाल्या, गोलात उभं राहायचं. अंगावर बॉल येतो, मातीत पडावं लागतं आणि गोल झाला की सगळ्या तिलाच बोलतात. झालं! मेव्हण्यानं टोपी काढली, त्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि गोलात उभं राहायची बारी लावली. सात सामने, सात पोरी. उरलेल्यांची बारी पुढच्या हंगामात.

ज्यांना फुटबॉल कळतो त्यांनी इथं हसून घ्यावं. गोलकीपर म्हणजे गोलकीपर, तिला रोज बदलत नाहीत, हे मलाही नंतर कळलं. पहिल्या सामन्यात नऊ गोल खाल्ले. दुसऱ्यात सहा. सामन्याला जायला मार्केटातला टेम्पो असायचा, त्यामुळं पोरींच्या कपड्यांना कांद्याचा वास. समोरच्या संघातल्या पोरी नाकाला रुमाल लावून ओरडायच्या, "ए, कांदेवाल्या आल्या!" आमच्यातली एक तिखट होती. ती उलट म्हणाली, "थांब, रडवतेच तुला." मेव्हण्याला हे इतकं आवडलं, की तिला त्यानं दोन वडापाव दिले. लगेच बाकीच्या तेरा जणींनाही दोन-दोन द्यावे लागले, कारण न्याय.

तिसऱ्या सामन्याला कल्पनाची बारी आली. हा सामनाही मी पाहिला नाही, टेम्पोवाल्याकडून ऐकला. तो सांगत होता, "काका, तुमची पोरगी घारीसारखी झेपावते. एक बॉल आत गेला न्हाय." खारघरला तेव्हा डोंगर आणि खणलेले रस्ते सोडून काही नव्हतं, त्या उजाड माळावर शून्य-शून्य सामना झाला आणि पोरी टेम्पोत नाचत घरी आल्या. मी जेवत होतो. कल्पनाचं कोपर सोलटलेलं होतं. मी म्हणालो, "हळद लाव." एवढंच म्हणालो. आत मात्र काहीतरी हललं होतं, ते मी भाकरीबरोबर गिळलं.

साहजिकच सगळे म्हणाले, आता कल्पनालाच गोलात ठेवा. मेव्हणा म्हणाला, "तिची बारी झाली." पुढच्या सामन्यात दुसरी उभी राहिली. पण एक गंमत झाली, आणि ती मान्य केली पाहिजे. जिनं गोलात उभं राहून मार खाल्लाय, ती पुढं खेळताना आळस करत नाही. मागं उभ्या असलेल्या पोरीचे हाल तिला माहीत असतात. त्यामुळं आमच्या पोरी बॉलमागं अशा धावायच्या, की जणू घर पेटलंय. पुढच्या तीनातले दोन सामने त्या जिंकल्या. मार्केटात मेव्हणा छाती काढून फिरायला लागला. व्यापारी सकाळी कांद्याच्या भावाआधी लीगचं विचारायचे.

शेवटच्या सामन्याच्या चार दिवस आधी खेळाच्या बाईंचं माहेराहून पत्र आलं. शिबिरासाठी मुली निवडणाऱ्या मॅडम हा सामना बघायला येणार होत्या, आणि त्यांना गोलकीपरच हवी होती. पोरींनी बाईंना तिसऱ्या सामन्याचं कळवलं होतं; त्यांनी लिहिलं होतं, काहीही करा, कल्पनाला गोलात उभी करा. आणि शेवटची चिठ्ठी होती नसीमची. नसीम उरणकडची, बापाचं मार्केटजवळ सुक्या मासळीचं दुकान. संघात सगळ्यात बुटकी. उडी मारली तरी वरच्या दांडीला हात पोचत नव्हता. पण तिनं हंगामभर वाट पाहिली होती आणि पनवेलहून हातमोजेसुद्धा आणले होते.

मी कुणाकडं काही मागणारा माणूस नाही. पण त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी मेव्हण्याशेजारी गोणीवर जाऊन बसलो.

"कल्पनाचं काय करतोस?"

"काय करायचं? पुढं खेळंल की."

"मॅडम गोलकीपर बघायला येतायत."

"मग नसीमला बघतील."

"अरे, त्या पोरीचा हात पोचत नाही!"

"दाजी," तो खाली बघत म्हणाला, "हात पोचत न्हाय म्हणून बारी काढायची, तर मग बारी कशाला लावायची?"

ह्यावर मला बोलायला तोंड नव्हतं, आणि का नव्हतं ते सांगतो. सात वर्षांपूर्वी माझी पाठ गेली होती. सात महिने मला थप्पीवर चढता येत नव्हतं. टोळीतले दोघंतिघं म्हणाले, ह्याला काढा, दुसरा घ्या. तेव्हा हाच मेव्हणा म्हणाला होता, "पाठ गेलीय त्याची. नंबर गेला न्हाय." माझी बारी आली की तो स्वतः वर चढायचा आणि सगळ्यांना सांगायचा, आज दाजी वर आहेत. हे त्यानं त्या दुपारी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

रविवारी मी मैदानावर गेलो. त्या हंगामातला मी पाहिलेला तो पहिला सामना. मॅडम खुर्चीवर वही घेऊन बसल्या होत्या. मेव्हणा धुतलेलं धोतर आणि टोपी घालून, सही करून, रेषेबाहेर उभा. नसीम गोलात. समोरचा संघ वाशीचा, लीगमधला सगळ्यात जबरदस्त. अर्ध्या वेळेत दोन गोल झाले, दोन्ही नसीमच्या डोक्यावरून. कल्पना पुढं खेळत होती, बरी खेळत होती, पण 'बरी' बघायला मॅडम आल्या नव्हत्या.

मध्यंतरात नसीम रडत मेव्हण्यापुढं आली. हातमोजे काढून तिनं पुढं धरले. "मामा, कल्पनाला उभी करा ना. माझ्यामुळं तिचं जाईल."

टोळीत थप्पीवरचा माणूस 'थकलो' म्हणाला, की मुकादमानं त्याला काही न विचारता खाली घ्यायचं, असा कायदा आहे. मेव्हणा तिच्याकडं बघत राहिला. त्याला काय हवं होतं ते मला दिसत होतं. कल्पना भाची होती त्याची. "थकलीस काय गं?" त्यानं विचारलं. आवाज असा, की हो म्हण बाई, एवढं हो म्हण.

नसीमनं नाक पुसलं. खोटं तिला बोलता येत नव्हतं. "थकले नाही."

"मग घाल मोजं," मेव्हणा म्हणाला, "आन उभी ऱ्हा."

दुसऱ्या अर्ध्यात त्या पोरीनं एक बॉल छातीवर घेतला आणि एक चक्क तोंडावर. नाकातून रक्त आलं तरी हटली नाही. समोरच्या संघाच्या आयासुद्धा टाळ्या वाजवत होत्या. सामना दोन-शून्यच राहिला. पण दहा मिनिटं बाकी असतानाच मॅडमनी वही मिटली आणि त्या जीपकडं चालू लागल्या. वहीत वाशीच्या दोन पोरींची नावं होती, हे नंतर कळलं. आमच्यातलं एकही नाही.

मग मी पोरींदेखत मेव्हण्याला नको ते बोललो. "माझ्या पोरीच्या नशिबावर थप्पी रचलीस तू," असं म्हणालो. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीवर वाद घालणारा तो माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "व्हय दाजी." बस.

घरी आल्यावर कल्पनानं पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, "आबा, मामांना बोललात ते बरोबर नाही. बारी नसती तर मला गोलात उभं कुणी केलं असतं? मी गोलात चांगली आहे हे मला तरी कुठं माहीत होतं? आणि तुम्ही तर सहीलाही आला नव्हतात."

पोरीनं बापाला असं बोलू नये. पण खोटं काय होतं त्यात?

पुढच्या वर्षी लीग झालीच नाही. का झाली नाही, ते कुणी सांगितलं नाही. कल्पनाची, नसीमची, सगळ्यांची लग्नं झाली. उरलेल्या सात जणींना मेव्हण्यानं कबूल केलेली बारी काही देता आली नाही, आणि जाईपर्यंत त्याला ते लागून राहिलं होतं. दवाखान्यातसुद्धा एकदा मला म्हणाला, "दाजी, सात पोरी ऱ्हायल्या." आता त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. परवा मी गावी गेलो. यष्टीत खिडकीजवळ बसलो होतो. घाट लागला, तरी मला कुणी उठवलं नाही. पार साताऱ्यापर्यंत मीच वारा खाल्ला, आणि तो काही गोड लागला नाही.

पण एक सांगायचं राहिलं. त्या शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा कामावर आला नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मी टोळीला 'आलोच' म्हणून सांगितलं आणि चालत शिरवण्याला गेलो. तो दारात बसला होता. पुढ्यात पोरींसाठी शाळेतून आणलेल्या बुटांचा ढीग. शाळेला परत द्यायचे म्हणून काडीनं एकेका बुटाच्या तळाची माती टोकरून काढत होता. त्यानं वर पाहिलं नाही. मी चपला काढल्या, खाली मांडी घातली, ढिगातला एक बूट उचलला, एक काडी घेतली आणि माती काढायला लागलो.