आधी जनावराला

आमच्या आप्पांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला की ते तो लगेच तोंडाला लावत नसत. मग घर कुणाचंही असो, ऊन कितीही असो. तांब्या हातात धरून आधी विचारायचे, "गोठ्यात पाणी दावलंसा काय?" दावलं असेल तर प्यायचे. नसेल तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून वाट बघत बसायचे. घरधनी शरमून बादली घेऊन पळायचा. "आधी जनावराला, मग डागदराला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणी मला ते फार थोर वाटायचं. मोठी झाल्यावर, घाईच्या वेळी, फार त्रासाचं.

आप्पा म्हणजे माझे धाकटे काका. ते डॉक्टर नव्हते. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, पण हुक्केरी-चिकोडीकडच्या खेड्यांत रात्री-अपरात्री अडलेली म्हैस सोडवायला सायकलवरून हेच जायचे, म्हणून लोकांनी त्यांना डागदर करून टाकलं. म्हशीला हातानं तपासायची त्यांची एक रीत होती. पाणी पीत असली की तिच्या गळ्याखाली तळहात लावून उभे राहायचे. घोट कसे उतरतात त्यावरून तिची तब्येत सांगायचे. "जनावर खोटं बोलत न्हाय, मंगल. घोट मोजावा, समदं कळतंय." रिटायर होऊन येळ्ळूरला परत आले, मागच्या दारी एक म्हैस बांधली, तेव्हा त्यांच्या डोक्यात साठ-सत्तर गावांचा एक नकाशा होता. त्यात रस्ते नव्हतेच. कुठल्या घरचं ताक दाट, कुठं आंबील आंबट, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, एवढंच त्यात होतं.

आणि अशा माणसाच्या किडन्या गेल्या.

आठवड्यातून तीनदा बेळगावला डायलिसिस. दिवसाला सगळं मिळून पाऊण लिटर पाणी. सगळं म्हणजे चहा, ताक, आमटी, गोळी गिळायचं पाणी, सगळं. काकीनं पाऊण लिटरची एक बाटली आणली आणि नियम केला. सकाळी बाटली भरायची. आप्पा बाहेरचं काही प्याले, की तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं. संध्याकाळी तुळस तरारलेली असायची आणि आप्पा कोमेजलेले.

तहान म्हणजे काय ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आप्पा चुळा भरायचे आणि चूळ टाकताना काकी समोर उभी राहायची. बर्फाचा खडा गालात धरून बसायचे. शेजारच्या घरी नळ आला की बोलता बोलता थांबायचे, नुसतं ऐकत राहायचे. मागच्या दारी पाय धुवायला जायचे ते पंधरा मिनिटं यायचे नाहीत. एकदा मी गेले तर ओंजळ तोंडाशी होती. माझ्याकडं बघून त्यांनी ती सोडून दिली आणि म्हणाले, "तोंड धुवालतो गं." मी शाळेत बत्तीस वर्षं पोरांचं खोटं पकडत आलेय. त्या दिवशी मात्र मीच मान खाली घातली.

त्या मान खाली घालण्याचं फळ आठ दिवसांत मिळालं. छातीत पाणी झालं, श्वास लागला, गाडीत घालून पळवावं लागलं. गाडी मीच चालवत होते. इथं सांगितलं पाहिजे, की मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आणि मला रिव्हर्स येत नाही. अख्ख्या घराला हे ठाऊक आहे. धापा टाकता टाकता आप्पा म्हणाले, "दवाखान्याच्या म्होरं सरळ लाव. मागं घ्यायला जाशील तर माझं हितंच आटपंल."

त्यातून वाचले. पण घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपले आणि म्हणाले, "आता सुई नको. मशीनबी नको." काकी रडली, मी चिडले, सगळे बोलून दमले. डायलिसिसची पुढची पाळी परवावर आली होती. शेवटी काकीनं पाटावर बसून विचारलं, "मग काय पायजे तरी काय तुमास्नी?"

आप्पा भिंतीकडून वळले. "एकदा फिरून येतो. जुन्या घरांत. एकेक घोट घेतो समद्यांकडचा. मग बसतो मशीनवर, म्हणशील तितकं."

डायलिसिसच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, दोन पाळ्यांच्या मधल्या दिवशी, माप पाळून, जाऊ देत. मग आप्पा उठून बसले. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी बेत लिहायला घेतला. गाव, घर, काय प्यायचं आणि किती. कडोली, ताक, अर्धी वाटी. संकेश्वर, चहा, दोन घोट. निपाणीच्या अलीकडं आंबील, एक वाटी. उसाचा रस आणि शहाळं डॉक्टरीणबाईंनी खोडलं होतं. संकेश्वरच्या ठेच्याबरोबरची भाकरी मी खायची, आप्पांनी फक्त वास घ्यायचा, असंही लिहिलं होतं.

बेत करताना दोन अडचणी निघाल्या. पहिली माझी. ज्या घरापुढं गाडी मागं घ्यावी लागेल ती घरं खोडली. चार चांगली ताकं माझ्या रिव्हर्सपायी गेली. दुसरी पाहुण्यांची, म्हणजे नातेवाइकांची. आमच्याकडं पाहुण्याच्या गावावरून चहा न घेता गेलं तर ते तीन पिढ्या बोलून दाखवतात, आणि चहा घेतला की बाटलीतलं पाणी गेलं. हत्तरगीला काकीची थोरली बहीण. "तिथं काय करायचं?" मी विचारलं. आप्पा म्हणाले, "तोंड झाकायचं. आनि तू जरा दाबून चालीव की, एवढी वर्सं बैलगाडीगत चालिवतीस ते."

शेवटची ओळ मात्र वेगळी होती. 'शेवंताक्का, विहिरीचं पाणी.' पुढं माप नव्हतं.

मी विचारलं. ते म्हणाले, "लिवतो मागनं." चाळीस वर्षांपूर्वी निपाणीच्या पुढं तंबाखूच्या रानातल्या एका वस्तीवर त्यांनी दिवसभर खपून एक म्हैस सोडवली होती. त्या संध्याकाळी शेवंताक्कानं विहिरीतनं काढून दिलेली कळशी त्यांनी उभ्या उभ्या रिकामी केली होती. "तसलं पानी मी परत प्यालो न्हाय," हे आम्ही हजारदा ऐकलेलं.

काकीनं कॅलेंडरवरची ती कोरी जागा बघितली. स्वयंपाकघरात मला म्हणाली, "त्यांच्या मनात काय हाय ते मला ठावं हाय. पोटभर पिणार तिथं, आनि मग काय व्हायचं ते हू दे म्हणणार."

"मग जायचंच कशाला?"

"न्हाय गेलो तर मशीनवर बसत न्हाईत. तू गाडीकडं ध्यान दे. माझं ध्यान त्यांच्यावर."

शिमगा होऊन गेला होता. बुधवारी सकाळी निघालो, बाटली काकीच्या मांडीवर. कडोलीत ताक आलं ते तांब्याभर. आप्पांनी अर्धी वाटी घेतली, जिभेवर फिरवली आणि डोळे मिटून बसले. घरची सून म्हणाली, "आवडलं न्हाय काय आप्पा?" ते म्हणाले, "तुझ्या सासूच्या हातचंच की गं." बाहेर आल्यावर काकीनं बाटली उघडली आणि अर्धी वाटी पाणी रस्त्याकडेच्या लिंबाच्या बुडात ओतलं. आप्पा त्या ओल्या मातीकडं बघत उभे राहिले. मी गाडी सुरू केली तरी उभेच.

हत्तरगीत काकीनं पदर नाकापर्यंत ओढला, आप्पा सीटवर आडवे झाले आणि मी जीव मुठीत धरून पन्नासचा वेग गाठला. संध्याकाळी काकीच्या बहिणीचा फोन आलाच, की तुमच्यासारखी गाडी गेली, पण ती जोरात होती म्हणून तुम्ही नसणार.

संकेश्वरला चहाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं आप्पांना ओळखलं. पाण्याचा पेला पुढं सरकवून सारखं म्हणायला लागला, "नीर कुडीरी, डॉक्टर, नीर कुडीरी." कानडीत पाणी प्या म्हणत होता बिचारा. आप्पा हसले आणि मला म्हणाले, "बघ. ह्या मुलखात मला दोन भाषेत पानी प्या म्हणत्यात. आनि मला एका भाषेत पिता येईना." आम्ही हसलो. मग त्यांनी पेल्यावरचे बाहेरचे थेंब बोटानं टिपले आणि बोट ओठावर फिरवलं, तेव्हा हसू गेलं. ठेचा-भाकरी मी मागवली होती. दोन घास खाल्ले आणि पान सरकवलं.

निपाणीच्या अलीकडं आंबिलीच्या एका वाटीच्या दोन वाट्या झाल्या. काकी "अहो" म्हणाली तोवर दुसरी संपली होती. ऊन चढलेलं, गाडीचा एसी माझ्यासारखाच, आवाज फार आणि काम कमी. आप्पांचे ओठ पांढरे पडले होते, जीभ टाळूला चिकटून शब्द तुटत होते. काकीनं रस्त्याकडेला बाटली उलटी केली. शेवटचा थेंब पडला. "संपलं," ती म्हणाली.

"बघितलं," आप्पा म्हणाले. "चला म्होरं."

वस्तीवर शेवंताक्का अंगणातच बसली होती. वाकलेली, पण आवाज खणखणीत. "आलासा काय डागदर. मला वाटलं, मला पोचवायलाच येतासा आता." सून बाहेर आली. गुळाचा खडा आणि मोठा पितळी तांब्या, बाहेरून घाम फुटलेला, नुकताच विहिरीतून आणलेल्या पाण्याचा.

आप्पांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

काकीनं माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या रुतत होत्या. मी तोंड उघडलं, तिनं आणखी दाबलं. आप्पांनी तांब्या उचलला. हनुवटीपर्यंत आला. पाणी काठाशी हलत होतं. त्यांचा गळा एकदा वर-खाली झाला, कोरडाच.

"गोठ्यात..." शब्द फुटेना. त्यांनी परत सुरुवात केली. "गोठ्यात पाणी दावलंसा काय?"

"दावणार की आता," शेवंताक्का म्हणाली. "तुमी प्या आदी."

आप्पा उठले. तांब्या तसाच धरून गोठ्याकडं गेले. आत म्हैस उभी होती, त्यांनी सोडवलेल्या रेडकाच्या वंशातली. त्यांनी तांब्या तिच्या बादलीत उपडा केला आणि सुनेला म्हणाले, "बादली भर, बाई." सुनेनं दोन कळशा ओतल्या. म्हशीनं तोंड घातलं. आप्पांनी तिच्या गळ्याखाली तळहात लावला आणि डोळे मिटले. ती पीत होती, सावकाश, मोठमोठे घोट. आप्पांचे ओठ हलत होते. मोजत होते. मला बघवेना, आणि मान फिरवताही येईना. बादलीचा तळ खरवडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी हात काढला आणि ओला तळहात तोंडावरून फिरवला.

"सत्तावीस," ते म्हणाले. "ब्येस हाय तब्येत."

शेवंताक्का रुसली. "डागदर, तुमी काय प्यालासा न्हाय."

"प्यालो की गं."

परतीच्या वाटेवर तवंदीचा घाट ओलांडला, संकेश्वर मागं पडलं. मग आप्पांनी माझ्याकडं पेन मागितलं. कॅलेंडरचा कागद मांडीवर पसरून शेवटच्या ओळीपुढं त्यांनी माप लिहिलं. एक बादली.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, डायलिसिसचा. आप्पा स्वतःच चपला घालून तयार होते. त्यानंतर सव्वा वर्ष ते मशीनवर बसले. तहान कमी झाली नाही. शेवटच्या दिवसांत तर झोपेतसुद्धा ओठ चाटायचे. पण पाय धुवायला गेले की दोन मिनिटांत परत यायचे.

गेले ते भर दुपारी, दवाखान्यात. घरी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं, निपाणीकडची माणसंही निरोप मिळाला तशी आलेली. कुणीतरी काकीपुढं पाण्याचा पेला धरला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. तिनं पेला हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"मंगल," ती म्हणाली, "गोठ्यात पाणी दावलं काय गं कुणी?"

कुणीच दावलं नव्हतं. मी उठले, बादली भरली आणि मागं गोठ्यात गेले. म्हैस तहानलेली होती, लगेच तोंड घातलं तिनं. मी तिच्या गळ्याखाली तळहात लावला. मला घोटांवरून तब्येत कळत नाही. मी नुसतेच मोजले. मग अंगणात येऊन काकीला सांगितलं, आणि तिनं पेला तोंडाला लावला.