सुहासच्या कोडमध्ये मी घातलेली ओळ

आज सकाळपासून सुहासच्या फोटोखाली 'जीनियस' लिहिणाऱ्यांपैकी एकानेही तो जिवंत असताना, शेवटच्या काळात, त्याचा फोन उचलला नव्हता.

मीही नाही.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. तो चोर म्हणून गेला. कंपनीच्या लेखी, आमच्या महाडच्या मित्रांच्या लेखी आणि त्याच्या गावातल्या निम्म्या लोकांच्या लेखी. ते खोटं आहे हे पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सुहास पोलादपूरच्या वरचा, कुडपणचा. मी नाते गावची. महाडला कॉलेजात एकाच वर्गात, नंतर पुण्यात एकाच कंपनीत.

कंपनी ब्लॉकचेनवर, म्हणजे डिजिटल खातेवहीत, दुकानदारांसाठी स्वतःचे कॉइन काढत होती. नवे कॉइन तयार करून लोकांच्या खात्यांत टाकायचा कोड सुहासचा.

त्यात त्याने एक कडक नियम घातला होता. नवा कॉइन तयार झाला की तो कुणाच्या तरी खात्यात जमा झालाच पाहिजे. खातं बंद निघालं, तर कोड तो कॉइन आपोआप रद्द करायचा आणि एकूण कॉइनचा आकडा तेवढ्याने खाली यायचा. तिसरा रस्ता नाही.

मी म्हटलं, एवढी कटकट कशाला?

"आमच्याकडं गावकीचा बोकड कापला का घरटी वाटे घालतात, पानांवर. एखादं घर मुंबयला गेलेलं असलं तर त्याचा वाटा परत टोपात टाकायचा, आन् मोठ्यानं सांगायचं, एक वाटा कमी केला. नायतर मागनं सगळी वाटे घालणाऱ्याकडं बघतात."

"तू कोड लिहितोयस की मटण वाटतोयस?"

"नाव जातं गो माणसाचं. हसू नको."

मी हसलेच.

मग गुंतवणूकदारांसमोरचा डेमो आला. टेस्टिंगमध्ये बरीच खाती बंद निघाली, आणि मोठ्या स्क्रीनवरचा एकूण आकडा मध्येच खाली यायला लागला. साहेब म्हणाले, "आकडा उतरताना दिसता कामा नये."

सुहास भातकापणीसाठी गावी गेला होता. त्याला विचारलं असतं तर तो सरळ नाही म्हणाला असता. म्हणून विचारलं नाही.

मी एक ओळ टाकली. कॉइन कुठे जमा झाला नाही तर रद्द करू नकोस, विसरून जा. एवढंच.

कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याने न वाचता होकार दिला. डेमो झकास झाला. टाळ्या वगैरे.

ती ओळ दुसऱ्या दिवशी काढायची होती. नाही काढली. प्रमोशनच्या मागे होते, दुसरं काही कारण नाही.

काही महिन्यांनी ऑडिटर आले. एकूण कॉइन जास्त, लोकांच्या खात्यांची बेरीज कमी. मधले कॉइन कुणी खाल्ले?

कुणीच नाही. ते कुणाचे कधी झालेच नव्हते. नुसते आकड्यात राहिले होते, माझ्या ओळीमुळे.

पण फाइलच्या डोक्यावर नाव सुहासचं. त्याच दुपारी त्याचं लॉगिन बंद केलं. कुणी काय बदललं हे उघडून दाखवायची सोयही त्याला उरली नाही, आणि बाकी कुणी ते उघडून पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याचा फोन आला.

"वर्षे, बंद खात्यांचं कोणीतरी बदललंय. तूच ना?"

"बघते," मी म्हटलं.

काय बघायचं होतं मला?

साहेबांनी बोलावून विचारलं, "तुला यातलं काही माहिती आहे?" मी म्हटलं, "नाही सर."

त्या रात्री कॉलेजच्या ग्रुपवर एकाने टाकलं, 'कुडपणच्या साहेबाने कंपनी धुतली.' तीस जण हसले. त्यात माझाही इमोजी आहे. अजून आहे, ग्रुपवर मागे जाऊन बघा.

त्यानंतर मी त्याचे फोन घेतले नाहीत. शेवटी एक मेसेज आला. 'तू स्वतः सांग. मी तुझं नाव घेणार नाय.'

आणि त्याने ते घेतलं नाही.

नोकरी गेल्यावर पोलादपूरला त्याने कॉम्प्युटरचा क्लास काढला. बातमी तिथेही पोचली. पालकांनी पोरं काढून घेतली. चोराकडे कशाला शिकायचं?

मग एका पहाटे छातीत दुखलं. कुडपणहून खाली आणेपर्यंत संपला होता.

मागच्या आठवड्यात मी त्याच्या आईकडे गेले. काकी अंगणात नाचणी वाळत घालत होत्या. मी सगळं सांगितलं, अगदी इमोजीसकट. त्या हात न थांबवता ऐकत होत्या.

"मला कशाला सांगतीस?" त्या म्हणाल्या. "माझा पोरगा कसा व्हता, मला म्हाईत हाय. ज्यांच्यात त्याची लाज काढलीत, त्यांच्यात सांग जा."

चहा विचारला नाही. बरोबरच केलं.

परवा कंपनीला पुराव्यासकट मेल केला. उत्तर आलं, प्रकरण जुनं आहे, फाइल बंद झालेली आहे. सोबत त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुकही केलं आहे.

म्हणून इथे लिहितेय. त्या ग्रुपवरचे सगळे इथे आहात. साहेब, तुम्हीही आहात.

ती ओळ मी लिहिली. सुहासने नाही. पुरावा कमेंटमध्ये टाकलाय, तारीख आणि माझ्या नावासकट. पोलादपूरला कुणाची ओळख असेल तर तिथेही पाठवा. त्या पालकांनाही.

आणि कृपा करून मला धाडसी वगैरे म्हणू नका. तो जिवंत असताना हे सांगायला पाच मिनिटं लागली असती.

सुहास, फुलं बाकीचे वाहतील. मला तो हक्क नाही.

तुझा फोन उचलायला हवा होता रे.