गल्लीला एक तबकडी

देवपुरात त्याचं ग्रामोफोनचं दुकान होतं. जात्यावरच्या अहिराणी गाण्यांच्या तबकड्या तो स्वतः मुद्रित करवून घ्यायचा, पण अगदी मोजक्या. मी एक मागितली, तर हातातल्या तबकडीवर फुंकर मारत म्हणाला, "भाऊ, तुमनी गल्लीमा एक शे ना! बठ्ठास्ना घर वाजनी, ते कोन कोना घर जाई?"

सगळ्यांच्याच घरी वाजली, तर कोण कुणाकडे जाईल म्हणे! विकायला बसलेला माणूस असं बोलतो!

ती तबकडी होती आमच्या शेजाऱ्याकडे, आणि गटाराच्या भांडणापासून आमचं बोलणं बंद. काही दिवस ताठ राहिलो. शेवटी गाण्यापायी त्याचा उंबरा ओलांडला. शेजाऱ्याने पाट सरकवला.

बाजेवर दुकानदार बसलेला. स्वतःसाठी त्याने एकही तबकडी ठेवली नव्हती. बशीतला चहा फुरकत मला म्हणाला, "या भाऊ. कितला उशीर!"