वहिनीचा जवळा आणि केशरी वाइन

वहिनी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी पडघ्याच्या मासळीबाजारात सुका जवळा घेत होतो. सकाळी तिनंच सांगितलं होतं, "भाऊजी, बघून घ्या. मागच्या वेळंला रेतीच जास्त होती." दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही... पिशवी हातात घेऊन मी कशेळीला दादाच्या घरी पोहोचलो. ती कुणीतरी माझ्या हातातून घेऊन आत ठेवली.

दादा-वहिनीची एकुलती एक वैशाली नाशिककडे वाइनच्या कारखान्यात नोकरीला लागली, तेव्हापासून त्या नोकरीचं नाव दादासमोर कुणी काढत नसे. दादा काही सोवळ्यातला नव्हे. गावात कुणाचीही हळद असो, हा हजर. ग्लासात बोट बुडवून दोन थेंब वाडवडिलांच्या नावानं जमिनीवर उडवायचे आणि मग बैठक मारायची. पण, "पोरीनं केलेली बापानं प्यायची? माझ्याच्यानं न्हाय होनार," एवढं बोलून त्यानं विषय मिटवला होता. वहिनीला ते फार लागलं. लेकीच्या हातचं बापानं एकदा तरी घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

एका दिवाळीला वैशालीनं स्वतः केलेली केशरी वाइन आणली. तिच्यात संत्र्याचा थेंब नसतो. हिरवी द्राक्षं सालीसकट मुरवली की तो रंग येतो. मला ती ताडीची शिकलेली बहीण वाटली. वहिनी जन्मात प्यायली नव्हती. तिनं करंगळी बुडवून जिभेला लावली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "याच्यासंगं खायाला काय?"

मग वैशाली आली की वहिनीचे प्रयोग सुरू. झणझणीत मटणापुढे वाइन कडू पडली. जिताडा माशाच्या कालवणासोबत तोंडात लोखंडाची चव आली. चाखायला मी होतोच. असल्या कामाला मी कधी नाही म्हटलेलं नाही. अखेर तिनं कांदा-कैरी घालून, मसाला नावालाच टाकून जवळा केला, सोबत तांदळाची भाकरी. जमलं! करंगळीवरच्या थेंबावरून बाई इथवर पोहोचल्या होत्या.

त्या दिवशी तिनं दादाच्या ताटाशेजारी वाइनचा ग्लास ठेवला. दादानं जवळा दोनदा मागून घेतला, भाकरीनं ताट पुसलं, पण ग्लासाला हात लावला नाही. वहिनीनं तो उचलून मला दिला आणि आत जाऊन म्हणाली, "घेतील कवातरी. जवळा खाल्ला ना, अर्धं काम झालं." पुढेही ग्लास ठेवायची आणि उचलायची. वाद नाही, रुसवा नाही. अशी चिवट बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तिची आठवण मला रोज येते.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी वैशालीनं माझ्या पिशवीतला तो जवळा काढला. निवडायला बसलो तर रेती जवळजवळ नव्हतीच. हे कुणाला सांगायचं, ते मात्र कळेना. जेवायला बसलो. वैशालीनं बाटली आणली होती, पण ती कोपऱ्यातच होती. दादाच म्हणाला, "आन ती इकडं."

त्यानं ग्लासात बोट बुडवलं आणि तो थांबला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. वहिनी ज्यावर बसून भाकऱ्या थापायची तो पाट अजून तिथेच आहे, कुणी हलवलेला नाही. त्या पाटापुढे दादानं दोन थेंब उडवले. उभ्यानंच एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि पाटाकडे बघत म्हणाला, "जवळ्यासंगं बरी लागंल गं."