गाडीतली भांडणं

गाडी कशी आहे, असं कुणी विचारलं की भिंगवाल्याची पंचाईत व्हायची. चष्म्याचं भिंग द्या, उजेडाकडे धरून तो एका नजरेत सांगेल. बारीकसा ओरखडासुद्धा त्याच्या नजरेतून सुटायचा नाही. पण मागे डिकी असलेली ही पांढरी छोटी सेडान वर्षानुवर्षं रोज चालवूनही तिच्याबद्दल त्याला धड एक वाक्य सुचत नव्हतं. आणि आता गाडी विकायला काढलेली, त्यामुळे काहीतरी सांगणं भाग होतं.

विकायचं बायकोच म्हणाली होती. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. कारखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्या चष्म्याच्या दुकानाच्याही पुढे, म्हणून तर गाडी घेतली. जाताना तो तिला सोडायचा, येताना घ्यायचा. मग कारखाना उठून घरामागच्या गल्लीत आला आणि ती पायात चपला सरकवून चालत जाऊ लागली.

"आता एकट्यासाठी एवढी गाडी कशाला? विकून टाका," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली. भिंगवाला गोंधळला तो इथेच.

कारण शांतपणा हा तिचा स्वभावच नव्हे. घरात ती गप्प असायची, पण ते सासूबाईंमुळे. दोन खोल्या, मधे पडदा, आणि जरा कुणाचा आवाज चढला की आईची छाती धडधडायला लागायची. डॉक्टरांना त्या छातीत कधी काही सापडलं नाही. पण उगाच परीक्षा कोण बघणार? म्हणून गाडी आल्यापासून नवराबायकोचं न बोलता ठरून गेलं होतं: भांडायचं ते गाडीत. घरात ठिणगी पडली की ती नुसतं "उद्या बघू" म्हणायची आणि भाजी ढवळत राहायची. सकाळी पट्टे लावले, काचा वर केल्या, की पहिल्या सिग्नलच्या आत तोंड सुटायचं. घरातलं "अहो" उंबऱ्यापाशीच राहायचं, गाडीत सरळ "अरे, तुला अक्कल आहे का?" कारखान्याच्या फाटकापाशी ती उतरायची तेव्हा दोघांची डोकी थंड झालेली असायची. बिचाऱ्या एसीला मात्र गाडी थंड करायला तोवरचा वेळ कधी पुरला नाही.

आता गाडीत तो एकटा. इंडिकेटरची टिकटिक त्याला पहिल्यांदाच ऐकू आली आणि ती त्याच्या डोक्यातच गेली. घरी सगळं कसं गोड. चहा वेळेवर, "अहो" वेळेवर. हे सगळं नीट झालंय की सगळं संपलंय, त्याला काही उमगेना. शेवटी न राहवून त्याने एकदा ओला टॉवेल मुद्दाम तिने घरी आणून बेतलेल्या कापडावर टाकला. तिने तो उचलला, वाळत घातला आणि विचारलं, "पोळी वाढू?" भिंगवाला मनातून चांगलाच घाबरला.

रविवारी गाडी बघायला चित्रकलेचे एक मास्तर आले. भला माणूस, पहिलीच गाडी घेत होता. "एक चक्कर मारू," म्हणाले.

"मीपण येते," बायको म्हणाली आणि मागे जाऊन बसली. हिला कशाला यायचंय, हेही भिंगवाल्याला कळलं नाही.

मास्तर चालवत होते. "स्टिअरिंग हलकं आहे हो. तुमचा अनुभव काय?"

"चांगली आहे," भिंगवाला म्हणाला. "गर्दीत कुठेही मावते. पेट्रोल बेताचं पिते. फक्त चार माणसं बसली की गतिरोधकाला खालून घासते."

"चार माणसं कधी बसली होती?" मागून आवाज आला.

"ताईला आणायला गेलो तेव्हा."

"तेव्हा तीन होती. मला जागा नाही म्हणून तू घरी ठेवलंस! सामान बसवलं होतंस माझ्या जागेवर!"

"सामान डिकीत मावेना, मी काय करू?"

"आणि आज सांगतोस चार!"

मास्तरांनी गाडी हळूच कडेला घेतली. "मी जरा... टायर बघतो," म्हणत ते उतरले आणि बराच वेळ एकाच टायरकडे बघत उभे राहिले.

आत सामानावरून गोष्ट ताईवर गेली, ताईवरून टॉवेलवर.

"मुद्दाम टाकलास ना तो? कळत नाही मला?"

"मग बोलली का नाहीस?"

"कुठे बोलू?" तिचा आवाज एकदम बसला. "घरात बोलायचं नाही. गाडी तू घेऊन जातोस. मला वाटलं तुला बरंच वाटतंय, सुटलो म्हणून. रोज शीळ घालत जातोस."

"इंडिकेटरचा आवाज सहन होत नाही म्हणून घालतो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला आता माझं काहीच वाटत नाही."

ती रडत होती की हसत होती, आरशात नीट दिसत नव्हतं. मास्तरांनी काचेवर टकटक केली. "मग... गाडी द्यायची नाहीये का?"

भिंगवाल्याने मागे वळून पाहिलं. नको म्हणायला त्याने तोंड उघडलंही होतं.

"द्यायची आहे," बायको डोळे पुसत म्हणाली. "घेऊन जा तुम्ही. चांगली आहे गाडी."

मास्तर त्यांना गल्लीच्या तोंडाशी सोडून गेले. भिंगवाला तिच्यामागून चालत राहिला. जिंकलो की हरलो, काही कळत नव्हतं. दार उघडून आत पाऊल टाकताच ती गाडीतल्याच चढ्या पट्टीत म्हणाली, "हं, ताईचं अर्धं राहिलंय."

"हळू," तो कुजबुजला. "आई..."

"कशाला हळू? माझंही घर आहे हे!"

पडद्याआडून आईचा आवाज आला, "काय गं? काय झालं?"

"काही नाही, आई. भांडतोय आम्ही," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या, आम्हाला वेळ लागेल."