देवघरातला डबा

पुण्यातल्या कंपनीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्राहकांच्या कम्प्यूटरमध्ये दुर्गाघाटावरच्या आमच्या घरातून शिरायचं आणि बिघाड काढायचा, हे माझं काम. मग कंपनीनं ठरवलं, यापुढे व्हीपीएनशिवाय ग्राहकाच्या यंत्राला हात लावायचा नाही. व्हीपीएन म्हणजे इंटरनेटमधून काढलेली झाकली वाट, मध्ये कुणाला डोकावता येत नाही. ती घरून जमली नाही तर पुण्याला या, नाहीतर नोकरी सोडा. आईला मणिकर्णिकेवर पोचवून आल्यावर बाबांनी क्षेत्रसंन्यास घेतलाय, मरेपर्यंत काशीची वेस ओलांडायची नाही. त्यांना टाकून मी जाणार कशी?

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. इंटरनेटची तार आमच्या घरात शिरते ती नेमकी देवघराच्या खिडकीतून, म्हणून तिचा डबाही देवांच्या डोक्यावर. तार वाढवून दे म्हटलं की तारवाला म्हणायचा, "दीदी, बस कल आते हैं." मेल्याचा तो कल काही उगवला नाही. शेवटी फोनवर पुण्याच्या माणसाशी डोकं फोडून मी त्याच डब्यात व्हीपीएनची सगळी मांडणी केली.

चाचणीच्या सकाळी साहेब पुण्याहून बघत होते. ग्राहकाची स्क्रीन दिसली आणि तिथेच थिजली. डबा एकदा बंद करून चालू करायला हवा होता. आत बाबा सोवळ्यात रुद्र म्हणत होते. मी शिवले असते तर त्या थंडीत त्यांनी पुन्हा गार पाणी अंगावर घेतलं असतं, आणि खोकला आधीच छातीत बसलेला. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "बाबा, डब्याच्या मागचं छोटं बटण दाबा. दिवे विझेपर्यंत सोडू नका."

रुद्र अर्ध्यावर सोडून ते उठले. असं त्यांनी आईच्या दुखण्यातही केलं नव्हतं. पण सोवळ्यात प्लॅस्टिकला हात कसा लावणार? त्यांनी उदबत्तीची काडी घेतली, मागच्या बारीक भोकात खुपसली आणि दिवे विझेपर्यंत इमानानं दाबून धरली. ते भोक डब्यातलं सगळं पुसून टाकायचं होतं. माझी मांडणी गेली. "झालं का गं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. दुसरं काय बोलणार, कपाळ?

साहेब सभ्यपणे म्हणाले, "होतं असं. तुम्ही आता पुण्यालाच या." दुपारी मी बाबांना न सांगता राजीनामा पाठवला. रडूसुद्धा आलं नाही, इतका राग आला होता, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

दुसऱ्या दिवशी चहा करायला गेले, तर स्वयंपाकघराच्या फळीवर डाळतांदळाच्या बरण्यांशेजारी बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शाळिग्राम. बाबांनी पहाटे उठून सगळे देव हलवले होते. देवघरात तो डबा एकटाच लुकलुकत होता.

"आता तिथे सोवळंओवळं काही नाही," ते म्हणाले. "हवं तेव्हा आत जा. त्या लोकांना कळव, यापुढे अडचण यायची नाही."

मी चहा गाळत राहिले. "कळवते," म्हटलं.